कापड्याची पोपटी

आमच्या महाडच्या घरातल्या न्हाणीला कडी होती, पण ती लावायची मला परवानगी नव्हती. दार नुसतं लोटून घ्यायचं आणि आंघोळ संपेपर्यंत गात राहायचं, असा आईचा नियम होता. ती बाहेर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि माझा आवाज थांबला की लगेच हाक मारायची. त्यामुळे साबण डोळ्यांत गेला तरी मी गात असे, डोक्यावरून गार पाण्याचा तांब्या ओतताना दम कोंडला तरी गुणगुणत असे. शेजारच्या बायका म्हणायच्या, मास्तरांच्या विजूला गाण्याचं भारीच वेड. आई हसून हो म्हणायची. खरं कारण एवढंच होतं, की मला फिट येत असे, आणि गाणं चालू आहे तोवर मुलगी शुद्धीवर आहे हे आईला दाराआडून कळत असे. माझा गळा तयार झाला तो असा. पुढे कुणी विचारलं, गाणं कुणाकडे शिकलात, तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

पहिली फिट दहाव्या वर्षी आली, दासगावच्या शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत मास्तर होते. त्यांनी मला उचलून घरी आणलं, आणि पुढच्या वर्षी बदली मागून घेऊन आम्ही महाडला आलो. दासगाव ते महाड अंतर ते किती, पण तेवढ्यानेही माणसं विसरतात अशी आईची समजूत होती, आणि ती बरीचशी खरी ठरली. महाडात कुणाला काही कळलं नाही. मला पित्ताचा त्रास आहे असं सांगायचं ठरलं होतं. दिवसातून तीन वेळा घ्यायची ती पांढरी गोळी पित्ताची, वर्गात कधी डोकं धरून बसले तर पित्त, सहलीला गेले नाही तर पित्तच. विहिरीवर जायचं नाही, तळ्याच्या कठड्याशी उभं राहायचं नाही, जागरण नाही, उपास नाही. आई माझ्या ताटाकडे पाहत जेवायची. रात्री दोनतीनदा उठून माझ्या नाकापुढे बोट धरायची. मी जागी असले तरी डोळे मिटून पडून राहायची, तिला वाईट वाटू नये म्हणून.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला दोन मैत्रिणी होत्या. मेधा आमच्याच आळीतली, तिच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. बोलकी, मनात आलेलं तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दुसरी रंजना, पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावची. पोलादपूरला मामाकडे राहून ती रोज एसटीने महाडला यायची. घरची भातशेती, वडील मुंबईला आणि मोठा भाऊ दत्ताही मुंबईला. संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी रंजना म्हणाली, आमच्याकडे वाल भरलेत, दादा चार दिवस येणार आहे, रविवारी पोपटीला या. दादा ढोलकी वाजवतो, विजू गाईल. मेधाने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि माझंही हो सांगून टाकलं.

ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भात कापून झाल्यावर शेतात वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, वर शेंगा, ओवा, खडे मीठ, मधे बटाटे, अंडी असं भरतात, पाल्यानेच तोंड बंद करतात, मडकं उपडं घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून देतात. पाणी एक थेंब नाही, तेल नाही. आमच्या रायगडाकडच्या माणसाला थंडी म्हटलं की हा वास आठवतो. मी तोवर पोपटी खाल्ली होती ती कुणी डब्यातून आणून दिलेली, गार झालेली. जाळाजवळ जायचं नाही, हाही घरचा नियमच होता.

आईने साफ नाही म्हटलं. तिच्या नाहीला त्या वेळी आणखी एक कारण होतं. मेधाच्या मावसभावाचं स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा बँकेत, घर चांगलं, आणि ते लोक पुढच्याच रविवारी मला बघायला येणार होते. त्यांना माझ्या आजाराबद्दल सांगायचं की नाही यावर आमच्या घरी उघड बोलणं कधी झालं नाही. आई म्हणायची, दोन वर्षांत एकदाही आली नाही, लग्नानंतर जाते म्हणतात, उगाच कशाला. अण्णा यावर काही न बोलता वर्तमानपत्राची घडी घालत. त्या दिवशी मात्र ते बोलले. आठ दिवसांनी तिला परक्या घरी द्यायची बोलणी करणार आहेस आणि आज मैत्रिणीकडे पाठवायला घाबरतेस, असं ते शांतपणे म्हणाले. आई उठून आत गेली. शनिवारी तिने माझ्या रुमालाच्या टोकाला दुपारची गोळी कागदात बांधून दिली, बरोबर तिळाच्या वड्या दिल्या, आणि म्हणाली, "मेधासमोर काही झालं, तर सगळं संपलं. एवढं लक्षात ठेव."

त्या रात्री मला झोप लागली नाही. झोप न लागणं वाईट, हे माहीत असल्यामुळे तर मुळीच लागली नाही. पहाटे उठले ती डोकं जड घेऊन, आणि हे आईला कळलं तर ती जाऊ देणार नाही म्हणून आंघोळीच्या वेळी नेहमीपेक्षा मोठ्याने गायले.

महाडच्या स्टँडवरून पोलादपूरपर्यंत मेधा बोलत होती आणि मी स्वतःकडे लक्ष देऊन बसले होते. मला फिट यायच्या आधी कधी कधी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत आणि तोंडात तांब्याची चव येई. म्हणून मी सारखी बोटं चोळून पाहत होते, जिभेने टाळू चाचपत होते. हा उद्योग मी नऊ वर्षं करत आले होते, पण गावाबाहेर, आईशिवाय, पहिल्यांदाच. मेधा आपल्या मावसभावाचं कौतुक सांगत होती. त्याला गाणं आवडतं, तू गातेस हे मीच त्याला सांगितलं, असं म्हणाली. मी हसले. पोलादपूरला रंजना वाट पाहत उभी होती. तिथून दुसऱ्या गाडीने कापड्याला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि धुकं नुकतं निवळलं होतं.

रंजनाच्या आईला मी काकी म्हणू लागले. उंच, काटक बाई, हातात कोयता घेऊनच सामोऱ्या आल्या. "आलाव गो पोरींनो? बसा, पयला च्या घ्या," म्हणाल्या. कोरा चहा, तांदळाची भाकरी आणि वर सुकटीची चटणी, असा आमचा नाश्ता झाला. काकींनी माझ्याकडे पाहून विचारलं की ही इतकी गप का, तर मेधाने परस्पर सांगितलं, तिला पित्त आहे. काकी लगेच आत जाऊन कोकमाचं पाणी घेऊन आल्या. मला त्या पाण्याचीही लाज वाटली.

दत्तादादा ओटीवर बसून ढोलकीच्या दोऱ्या ओढत होता. पंचविशीचा असेल. मुंबईत इमारतींना रंग द्यायच्या कामावर होता, आणि गावच्या मंडळात जाखडी नाचाला ढोलकी वाजवायचा. रात्रभर एसटीत बसून सकाळीच आला होता. डोळे लाल, पण चेहरा हसरा. आम्हाला म्हणाला, "झोपायला मुंबई हाय की. हितं वाजवायचा." तो सकाळपासून उपाशीच होता, नुसता चहावर चहा घेत होता, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याच्या झोपेकडे आणि जेवणाकडे लक्ष जाणं ही माझी खोड होती, आजही आहे.

शेत घरापासून खाली, नदीच्या बाजूला. कापणी झालेल्या भाताच्या खुंटांतून वाल माजलेला. आम्ही शेंगा तोडल्या, काकींनी आणि रंजनाने मडकं भरलं. रंजनाचे चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी मडकं उपडं घालून पेंढा रचला, आजूबाजूच्या दोन बायका आल्या, आणि जाळ लागला. मी सगळ्यांत लांब, बांधाजवळ बसले होते. मेधाने मला ओढून पेंढ्याच्या आसनावर, दत्तादादाच्या जवळ आणून बसवलं. जाळाची लवलव डोळ्यांसमोर नको म्हणून मी पाठ करून बसले. कुणी विचारलं तर धुराने डोळे चुरचुरतात असं सांगायचं ठरवलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

ढोलकी सुरू झाली. आधी त्याने जाखडीची एक चाल वाजवली, त्यावर तात्यांनी गाणं म्हटलं, बायकांनी ध्रुवपद धरलं. मग मला म्हणाले, आता तू. मी अण्णांनी शिकवलेला एक जुना अभंग म्हटला. पहिल्या कडव्याला माझा आवाज थरथरत होता. दुसऱ्याला दत्तादादाने ठेका असा काही धरला, इतका सावकाश आणि भरवशाचा, की मला त्याच्यावर उभं राहता आलं. आजवर मी गायले होते ते दाराआडच्या बाईला ऐकू जावं म्हणून. इथे माझ्या गाण्याची कुणाला काळजी नव्हती, नुसतं आवडत होतं. अभंग संपल्यावर काकी म्हणाल्या, अजून एक म्हण गो. मग मी आणखी म्हटलं, मेधाने रेडिओवरची दोन म्हटली, टाळ्या, हसणं, मागे वालाचा आणि ओव्याचा वास सुटलेला. किती वेळ गेला कोण जाणे. एका क्षणी माझ्या लक्षात आलं, की मी बराच वेळ बोटं चोळून पाहिलेली नाहीत. आज इतक्या वर्षांनी सुखाचा दिवस म्हटला, की मला तो तासभर आठवतो, त्याच्यापुढे जे झालं ते माहीत असूनही.

तात्या पुन्हा गात होते आणि ठेका वाढत चालला होता. मला आधी ऐकू आलं, मग दिसलं. ढोलकीच्या उजव्या बाजूचा बोल चालू राहिला आणि डाव्या बाजूचा थांबला. मी वळून पाहिलं. दत्तादादाची मान एका बाजूला ओढली जात होती. डोळे उघडे, पण कुणाकडेच पाहत नव्हते. त्याच्या तोंडून एक लांब, घुसमटलेला आवाज निघाला आणि ढोलकीसकट तो आडवा झाला. मग त्याचं अंग झटके देऊ लागलं.

मी नऊ वर्षं फिट येणारी मुलगी होते, पण फिट कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला नेहमी फक्त नंतरचं माहीत होतं: वर वाकलेले चेहरे, दुखणारं अंग, आईचा हात. आता मी समोर उभी राहून पाहत होते, आणि माझ्या मनात आलं की आईने हे पाहिलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि उठून पुन्हा तांदूळ निवडायला बसलीय.

मी उभीच राहिले. हे लिहायला मला कठीण जातंय, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. काय करायला हवं ते त्या शेतावर फक्त मला ठाऊक होतं. मला तपासणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी ते आईला माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. तरी मी उभी राहिले आणि दत्तादादाकडे न बघता मेधाकडे बघितलं. ती तोंडावर हात धरून थिजली होती. मी हललेच नाही तर कुणाला काही कळणार नाही, हा विचार माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट आला होता.

तात्यांनी हात जोडले होते. अंगात वारा आलाय, वाजवताना वारा आलाय, असं म्हणत त्यांनी बायकांना मागे व्हायला सांगितलं. एकीने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या मुठीत कोंबायचा प्रयत्न केला. काकी रडत देवाला हाका मारत होत्या. दत्तादादाचा पाय जाळाच्या बाजूला घसरत होता आणि ते कुणी बघत नव्हतं. तेवढ्यात तात्यांनी तांब्या उचलला आणि अंगारा कालवलेलं पाणी त्याच्या तोंडात ओतायला वाकले.

"पाणी घालू नका," मी म्हणाले.

तात्यांनी मान वर केली. "देवाच्या कामात मदी बोलू नको, बाय."

"हा देव नाही. फिट आहे. पाणी घशात अडकेल."

"तुला काय ठाव?"

"मला येते," मी म्हणाले.

माझ्या स्वतःच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. मग मात्र मी थांबले नाही. रंजनाला म्हटलं, पाय धर, जाळापासून ओढू या. आम्ही दोघींनी त्याला पेंढ्यावर घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल दिली, गळ्याचं बटण सोडलं. हात दाबून धरू नका, किल्ल्या काढा, तोंडात काही घालू नका, एवढं सांगितलं. मेधाला म्हटलं, घड्याळ बघ आणि मिनिटं मोजून सांग. तिने मोजलं. एक झालं, दोन झाली. पाचाच्या वर गेलं तर पोलादपूरहून गाडी आणावी लागेल, असं मी म्हणाले, तेव्हा काकींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. साडेतीन मिनिटांनी झटके कमी झाले. मग थांबले. तोंडाला फेस होता, त्यात थोडं रक्त, जीभ चावली गेली होती. पँट ओली झालेली मला दिसली. मी रंजनाची ओढणी मागून घेऊन त्याच्या कमरेवर घातली, कारण जागं झाल्यावर कशाची सगळ्यांत जास्त लाज वाटते ते मला माहीत होतं.

तो घोरू लागला. झोपू दे, आता भीती नाही, असं मी सांगितलं आणि बाजूला पेंढ्यावर बसले. दोन वाजून गेले होते. मी रुमालाची गाठ सोडली, सगळ्यांच्या देखत गोळी तोंडात टाकली. पाण्याचा तांब्या मेधाने आणून दिला.  मेधा काही बोलली नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

पोपटी आम्ही खाल्ली. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. तात्या सुन्न बसले होते, जाळ विझत आला होता, आणि काकी डोळे पुसून उठल्या. अन्न टाकायचं नाही, म्हणाल्या, आणि काठीने राख बाजूला करून त्यांनी मडकं फोडलं. गरम वाफ, ओव्याचा आणि करपलेल्या पाल्याचा वास, शेंगा मऊ, दाणे गोडसर, मीठ अगदी बेताचं. तितक्या चवीची पोपटी मी पुढे कधी खाल्ली नाही. सगळे बसून सोलत होते. काकी मधूनमधून माझ्या पुढ्यात सोललेले दाणे टाकत होत्या, लहान मुलाला घालावे तसे.

दत्तादादा जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. ओढणीकडे पाहून त्याला सगळं समजलं. रंजनाने त्याला धोतर आणून दिलं. मी अंडं सोलून त्याच्या हातात ठेवलं. मग हळूहळू कळलं, की हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मुंबईच्या खोलीवर दोनदा झालं होतं. तिथल्या सोबत्यांनी गावी कळवलं होतं, काकींनी भगताकडे नारळ दिला होता, आणि डॉक्टरकडे जायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी विचारलं, काम कुठल्या मजल्यावर असतं. तो जिभेला लागतंय म्हणून अडखळत म्हणाला, परांचीवर, सातव्या मजल्यावर.

"खाली उतर," मी म्हणाले. "गोळ्या सुरू होईपर्यंत वर चढू नकोस."

"काम जाईल."

 मी त्याला आपल्या गोळीचं नाव रंजनाच्या वहीच्या कागदावर लिहून दिलं, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं चारचारदा बजावलं.

परतीच्या गाडीत मेधा खिडकीशी बसली होती. पोलादपूर मागे पडेपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग तिने विचारलं की तिच्या मावशीला, म्हणजे मुलाच्या आईला, हे माहीत आहे का. मी नाही म्हटलं. तिने विचारलं, सांगणार होता का. मी पुन्हा नाही म्हटलं. "मी आपणहून काही सांगणार नाही," ती म्हणाली, "पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. तू ठरव काय ते." एवढं बोलून तिने माझा हात हातात घेतला आणि महाड येईपर्यंत सोडला नाही. तो हात मैत्रीचा होता की निरोपाचा, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आईने दारातच मला नखशिखांत न्याहाळलं. काही झालं नाही ना, विचारलं. मला काही झालं नव्हतं. मी नाही म्हणाले, आणि ती देवापुढे साखर ठेवायला गेली. पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरात रविवारची तयारी चालली होती. पडदे धुतले गेले, आईने चिरोट्यांसाठी तूप कढवलं, कोणती साडी नेसायची ते ठरलं. रस्त्यावर मेधाच्या आईची हाक आली तरी मी आतल्या खोलीत पळे. रोज अण्णांना सांगायचं ठरवायची आणि रोज संध्याकाळ टळून जायची.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. आईने उघडलं. मी आतल्या खोलीत होते, आवाज ओळखला आणि जागच्या जागी बसले. काकी होत्या, आणि सोबत दत्तादादा. रंजनाकडून पत्ता घेऊन, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं माझ्या पोराला वाचवला, बाई. तिला जो आजार हाय तोच याला हाय. तुमचा डॉक्टर कोन, तेवढा सांगा."

 मग आईचा आवाज आला, अगदी सौम्य, पाहुण्यांशी बोलायचा तसा. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, ती म्हणाली, आमच्या मुलीला पित्ताचा त्रास आहे.  दत्तादादा काहीतरी बोलू लागला, माफी मागत असावा, पण शब्द नीट उमटत नव्हते, जीभ अजून सुजलेली होती. तो मधेच थांबला.

"जीभ चावली का रे?" आईने विचारलं.

तो हो म्हणाला असावा.

"तूप लावलंस? मीठ आणि तिखट चार दिवस बंद कर," आई म्हणाली. मग दारातून बाजूला होत, "आत या. उन्हात उभे राहू नका."

मी दाराच्या फटीतून बघत होते. तिने दोघांना पाट दिले, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत त्याला विचारत राहिली: येण्याआधी काही कळतं का, झोपेत येते की जागेपणी, नंतर डोकं किती वेळ दुखतं. काकींना तिने सांगितलं, की गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून तर मुळीच बंद करायची नाही, आणि पोराला सारखं सारखं बघत बसू नका, त्यालाही कळतं ते. शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्या दाराकडे पाहिलं. मी तिथे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

ते गेल्यावर ती शेंगा सोलत बसली, मीही समोर बसून सोलू लागले. संध्याकाळी अण्णा आले तेव्हा तिने त्यांच्या हातात पेन आणि कागद दिला. "त्या लोकांना सगळं लिहून कळवा," म्हणाली, "आणि मग यायचं असेल तर या म्हणावं." ते आले नाहीत. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. चिरोटे आम्ही घरीच खाल्ले, निम्मे मेधाने खाल्ले, मावशीला नावं ठेवत. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलंच. माझं लग्न व्हायचं ते पुढे बऱ्याच वर्षांनी झालं, सगळं सांगून झालं, आणि ती हकिगत वेगळी आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा गाडीत चौघं होतो. दत्तादादाने परांचीचं काम सोडून एका दुकानात हमाली धरली होती, पगार कमी होता आणि त्यावरून तो चिडलेलाही होता. भोरची एसटी वरंध घाटात चढू लागली. आई आणि काकी पुढच्या बाकावर, आम्ही दोघं मागच्या. इंजिनाच्या आवाजावर मात करायला आई मोठ्याने बोलत होती. माझी पहिली कशी आली, दुसरी कशी आली, कुठल्या लग्नात कुठल्या खोलीत मला नेऊन निजवलं, लग्नघरात कुणाला कसं कळू दिलं नाही, सगळं सांगत होती. काकी हुंकार देत होत्या आणि मधेच आपलं सांगत होत्या. पुढचे दोन प्रवासी वळून बघत होते. कंडक्टरसुद्धा ऐकत उभा होता. मी लाजेने खिडकीकडे तोंड केलं होतं.

दत्तादादा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "यांना गप कर ना गो. सारी गाडी ऐकते."

मी आईच्या पाठीकडे पाहिलं. ती हात हलवून हलवून बोलत होती. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बोलू दे," मी म्हणाले. "नऊ वर्षांचं आहे."